बायकोचा रविवार आणि माझी चक्कर

बायकोचा फोन कितीही वाजला तरी आपण उचलायचा नाही, हा आमच्या घरातला जुना आणि शहाणा नियम आहे. त्या शनिवारी दुपारी मी तो मोडला. माझ्याकडून घडलं ते एवढंच. पुढची अँब्युलन्स, ईसीजी, माझ्या पोटावर ओळीने बोटं आपटणारे होतकरू डॉक्टर आणि बिनमिठाचा दलिया, हे सगळं त्या एका हिरव्या बटणाच्या मागोमाग आपोआप आलं.

आधी माझ्याविषयी सांगतो. माझं नाव संघर्ष गमरे. मी जन्मलो तेव्हा वडील मोर्चात होते आणि येताना ते नाव घेऊनच घरी आले. त्यानंतर आयुष्यात मी एकदाही संघर्ष केलेला नाही. जासईजवळच्या एका कंटेनर यार्डात मी कागदपत्रांचा क्लार्क आहे. ट्रेलरचे ड्रायव्हर खिडकीतून माझा उद्धार करतात आणि मी त्यांना 'बघतो' म्हणतो. सोसायटीत कोणी काम गळ्यात मारलं की तिथेही 'बघतो' म्हणतो. (विम्याच्या एजंटलाही मी एकदा 'बघतो' म्हणालो होतो. तो आता दर दिवाळीला आमच्याकडे जेवायला असतो.)

बायको डॉक्टर. डॉ. मैत्री गमरे, एका मेडिकल कॉलेजात मेडिसिनची असोसिएट प्रोफेसर. म्हणजे नेमकं काय, हे मला लग्नानंतर हळूहळू कळत गेलं. सकाळी वॉर्ड, मग ओपीडी, मग लेक्चर, मग कुणाचा तरी थिसिस, मग एखादी कमिटी, मग त्या कमिटीने काम केलं का हे बघणारी दुसरी कमिटी. आणि रविवारी सकाळी फोन: 'अर्ध्या तासाचं काम आहे गं, ये ना.' हा अर्धा तास संध्याकाळच्या चहाला संपतो. तिचा जेवणाचा डबा सकाळी जसा जातो तसाच परत येतो, फक्त गार होऊन. दिवसभर पेशंटना 'रोज चाला, वेळेवर जेवा, भरपूर पाणी प्या' असं बजावणारी ही बाई स्वतः पाणी पिते ते डोकेदुखीची गोळी गिळण्यापुरतं.

तरीही तिला शिकवायला मनापासून आवडतं, हे मी शपथेवर सांगेन. आमच्या सानपाड्याच्या घरात तांदळाचा स्टीलचा डबा कधीच पूर्ण भरलेला नसतो. तो मुद्दाम अर्धा ठेवलेला असतो. तिचे रेसिडेंट डॉक्टर घरी आले की ती त्यांना स्वयंपाकघरात नेते आणि डबा वाजवायला लावते. वरच्या बाजूला बोट आपटलं की पोकळ आवाज, खालच्या बाजूला भरीव. आवाज जिथे बदलतो तिथे तांदूळ लागला. पेशंटची छाती अशीच वाजवून आत पाणी कुठवर आहे ते ओळखायचं. एखाद्या पोराला तो बदल पहिल्यांदा ऐकू आला की मैत्रीचा चेहरा असा काही उजळतो की माझ्या लग्नाच्या फोटोतसुद्धा तो तसा नाही. माझी आई, चांगुणाबाई, रत्नागिरीकडची. ती हे सगळं दारात उभी राहून बघते आणि म्हणते, "एवढी शिकलेली पोरा, आनि डब्यात तांदूळ किती ते वाजवून बघतायत. झाकन उघडा म्हनावं."

तर गेल्या महिन्यात त्या कॉलेजने डॉक्टरांसाठी एक कार्यशाळा ठेवली. वैद्यकीय अध्यापनात वर्षानुवर्षं टिकायचं असेल तर सवयी कशा हव्यात आणि कामाला मर्यादा कशी घालावी, असा विषय होता. आमंत्रण सहकुटुंब होतं. वार अर्थातच रविवार. एसी छान गार, खुर्च्या मऊ, वक्त्याचा आवाज संथ. वक्त्याने पहिला मुद्दा सुरू करेपर्यंत सगळे डॉक्टर झोपले होते. मैत्री माझ्या खांद्यावर होती. तिच्या पलीकडचे सर्जन तर घोरत होते आणि वक्ता ते कौतुकाने बघत होता. (त्याच्या मते हाच कार्यशाळेचा खरा फायदा असावा.)

जागा होतो फक्त मी. दुसरं काही काम नसल्यामुळे मी अक्षर न् अक्षर ऐकलं. वक्ता म्हणाला, "नाही म्हणायला शिका. आणि नाही म्हणताना कारण सांगू नका. कारण सांगितलंत की समोरचा माणूस ते कारण सोडवायला बसतो."

मला हे एकदम पटलं. यार्डात माझं नेहमी असंच होतं. एक कागद कमी आहे म्हणून गाडी सोडता येत नाही, असं सांगितलं की ड्रायव्हर तो कागद आणायला मलाच गाडीत घालून उरणजवळच्या द्रोणागिरीपर्यंत नेतो. मी त्याच क्षणी ठरवलं, आता मैत्रीच्या वतीने आपण नाही म्हणायचं. ज्या माणसाने आयुष्यात कोणालाही नाही म्हटलेलं नाही त्यानेच हे ठरवावं, यात काही गडबड आहे असं मला तेव्हा वाटलं नाही.

आणि मग तो शनिवार आला.

मैत्री दुपारी घरी आली, अ‍ॅप्रन सोफ्यावर टाकला आणि हातही न धुता जेवायला बसली. डॉक्टर बाई हात धुवायला विसरली म्हणजे काहीतरी गंभीर आहे, हे आईच्यासुद्धा लक्षात आलं.

"संघर्ष, उद्याचा रविवार मला हवाय," ती म्हणाली. "पूर्ण. सकाळी उठायचं नाही. कोळंबीचं कालवण जेवायचं. दुपारी परत झोपायचं. तो मिळाला नाही ना, तर सोमवारी मी राजीनामा टाकते."

"राजीनामा?"

"एका खाजगी हॉस्पिटलवाल्यांनी विचारलंय. ठरलेली ड्युटी, रविवारची सुट्टी. लेक्चर नाही, थिसिस नाही. शिकवणं नाही."

शेवटचे दोन शब्द ती ताटाकडे बघत म्हणाली. ही बाई शिकवणं सोडून बसली तर सुखी होईल का, हे मला विचारायची गरज नव्हती. समोर ओट्यावर तांदळाचा डबा होता.

"तू झोप," मी म्हणालो. "मी बघतो."

'मी बघतो' ऐकून ती थोडी घाबरली असावी, पण वाद घालायचं त्राण तिच्यात नव्हतं. ती बेडरूमचं दार लावून, कानात कापूस घालून झोपली. फोन मात्र बाहेर टेबलावर राहिला. आणि थोड्याच वेळात तो वाजला.

स्क्रीनवर नाव होतं: नूरजहाँ मॅडम.

डॉ. नूरजहाँ मुकरी म्हणजे मैत्रीच्या डिपार्टमेंटच्या हेड. मूळच्या उरणकडच्या. बोलणं अगदी मऊ. पण त्या मऊ बोलण्याला आजवर कोणी नाही म्हटल्याचं ऐकिवात नाही. मी फोन हातात घेतला, छाती पुढे काढली, मनातल्या मनात 'नाही, जमणार नाही' हे वाक्य घोकलं आणि ते हिरवं बटण दाबलं.

"मैत्री, उद्या पोरांची मॉक एक्झाम घेऊया. फायनल जवळ आलीये. मला एक एक्झामिनर कमी पडतोय. अर्ध्या दिवसाचं तर काम आहे."

"मॅडम, मी संघर्ष बोलतोय."

"अरे, गमरे! कसे आहात? मैत्री कुठाय?"

आता बोलायचं होतं. तोंड उघडलं. आणि त्यातून बाहेर आलं ते असं:

"मॅडम, ती आली असती हो नक्की. पण घरात जरा आजारपण आहे."

"कोण आजारी आहे?"

मी आजूबाजूला बघितलं. आई ओट्यापाशी बसून सुकट निवडत होती, तिला आजारी म्हणणं जिवावर आलं. मैत्रीचं नाव घेतलं असतं तर अख्खं डिपार्टमेंट शहाळी घेऊन दारात आलं असतं. घरात उरलं कोण?

"मी," मी म्हणालो.

"काय होतंय?"

"चक्कर येते."

मला वाटलं, इथे विषय संपेल. आमच्या यार्डात 'चक्कर येते' म्हटलं की साहेब 'घरी जा' म्हणतात. पण मी कुणाशी बोलतोय याचं मला भान राहिलं नव्हतं. डॉक्टरला आजारपणाचं कारण सांगणं म्हणजे पोलिसाला चोरीचं कारण सांगण्यासारखं आहे.

"चक्कर कशी? घर फिरतं की तुम्ही फिरता?"

"दोघंही," मी म्हणालो. (कोणाला कमी लेखायला नको म्हणून.)

"छातीत काही?"

"थोडं... जड."

"हाताकडे जातं?"

आता एवढं सांगितलंच आहे तर कारण जरा भक्कम करावं, असा मी विचार केला.

"हो, हाताकडे जातं."

"कुठल्या?"

"डाव्या," मी म्हणालो. उजव्या हातात फोन होता.

नूरजहाँ मॅडमचा आवाज आणखी मऊ झाला. "गमरे, अजिबात हलू नका. आडवे व्हा. मैत्री कुठाय?"

"झोपलीये. तिला उठवू नका, प्लीज."

"नाही उठवत. घरच्या माणसाचं म्हटलं की डॉक्टरचेच हात कापतात. तिची काळजी करू नका. मी बघते."

मी फोन ठेवला आणि आईकडे विजयी नजरेने बघितलं. मैत्रीला उद्या कोणी बोलावणार नव्हतं. कामाला मर्यादा घातली गेली होती, तीही माझ्या हातून. मी स्वतःला चहा करून घ्यायला उठलो. मॅडमनी 'मी बघते' म्हटलंय, आणि त्यांचं 'बघते' हे माझ्या 'बघतो'पेक्षा वेगळ्या जातीचं असू शकतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

चहा उकळायच्या आत खाली सायरन वाजला.

दार उघडलं तर समोर डॉ. शादाब. मैत्रीचा सगळ्यात लाडका रेसिडेंट, आमचा तांदळाचा डबा सगळ्यात जास्त वाजवलेला. मागे दोन जण स्ट्रेचर घेऊन.

"सर, तुम्ही उभे का आहात? झोपा आधी!"

"अरे शादाब, तसं काही—"

"सर, बोलू पण नका."

त्याने मला स्ट्रेचरवर आडवं केलं. आई पदराला हात पुसत बाहेर आली.

"काय झाला त्याला? आताच तर तीन भाकऱ्या नि कालवन खाल्लान."

मी तिला डोळ्यांनी खुणावलं. आई माझी आहे. मी शाळा बुडवायला पोट दुखतं म्हणायचो तेव्हाची खूण तिने लगेच ओळखली. ती जवळ आली, वाकली आणि हळूच म्हणाली, "सुनेसाठी हाय का?" मी मान हलवली. तिने एकदा बंद बेडरूमकडे बघितलं, चपला पायात सरकवल्या आणि शादाबला म्हणाली, "चला, मी पन येते. आनि तो भोंगा बंद करा. सून झोपलीय माझी."

(सायरन बंद करायला लावणारा पेशंट आपण पहिल्यांदाच नेत असल्याचं ड्रायव्हर वाटेत दोनदा म्हणाला.)

हॉस्पिटलात माझं स्वागत व्याह्यासारखं झालं. 'मैत्री मॅडमचे मिस्टर' आलेत म्हटल्यावर जो तो धावला. ईसीजी काढला, तो नॉर्मल. रक्त घेतलं, तेही नॉर्मल. माझ्या जिवात जीव आला. म्हटलं, आता सोडतील. पण चक्कर शिल्लक होती ना! तिची जबाबदारी प्रत्येक डिपार्टमेंटने आपुलकीने उचलली. मेंदूवाल्यांनी मला एका सरळ रेषेत चालायला लावलं. डोळेवाल्यांनी डोळ्यांत टॉर्च मारला. कानवाल्यांनी मला पलंगावर बसवलं, मान एका बाजूला वळवली आणि धाडकन मागे आडवं केलं, डोकं पलंगाबाहेर लोंबकळत ठेवून. तेव्हा मात्र मला खरोखरच चक्कर आली. घरही फिरलं आणि मीही फिरलो. तीन भाकऱ्याही फिरल्या.

"बघा," कानवाले डॉक्टर समाधानाने म्हणाले, "आहे चक्कर."

प्रत्येकजण जाताना मला म्हणत होता, "मैत्री मॅडमना सांगा, काही लागलं तर आम्ही आहोत." दोन-तीनदा ऐकल्यावर मला लाज वाटू लागली. ही सगळी माणसं तिच्यासारखीच थकलेली होती. कुणाचा डबा टेबलावर न उघडलेला पडला होता, कुणी उभ्या उभ्या बिस्कीट खात माझं ब्लडप्रेशर घेत होतं. त्यांचा वेळ खाणाऱ्यांत आज मी एकाची भर घातली होती.

संध्याकाळी चहाची गाडी वॉर्डात आली आणि तिच्या मागोमाग मैत्री.

घडलं ते असं. आमच्या तळमजल्यावरच्या प्रेमलाकाकूंनी अँब्युलन्स बघितली होती. आजारी माणसाच्या घरी जायचं तर हातात शहाळं हवं, म्हणून त्या आधी शहाळं आणायला गेल्या आणि मग आमची बेल दाबत राहिल्या. कानातला कापूस हरला. मैत्री दार उघडते तो समोर काकू, डोळ्यांत पाणी आणि हातात शहाळं.

तिचे केस विस्कटलेले होते. एका पायात तिची चप्पल होती, दुसऱ्या पायात माझी. तिने माझं मनगट धरलं तेव्हा तिचा हात कापत होता. नूरजहाँ मॅडमनी सांगितलं होतं ते खरंच होतं. इतक्या वर्षांत हजारो पेशंटच्या नाड्या बघितलेल्या बाईला माझी नाडी सापडेना. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काय होतंय?" ती म्हणाली. "चक्कर कशी येते? घर फिरतं की—"

"मैत्री," मी म्हणालो आणि आईकडे बघितलं.

शेवटी आईच बोलली. "काय नाय झाला त्याला. तुला रविवार मिळावा म्हनून झोपलाय तो."

मैत्रीने माझ्याकडे बघितलं. मग ईसीजी बघितला. मग परत माझ्याकडे. डोळे पुसले. आणि मग ती हसायला लागली. पलंगाचा दांडा धरून, वाकून, आवाज न करता हसत राहिली. लांबून बघणाऱ्या नर्सना वाटलं मॅडम रडतायत. एकीने तर पाण्याचा ग्लास आणून दिला. तो मात्र तिने पूर्ण प्यायला. माझ्या माहितीप्रमाणे त्या दिवसातलं तिचं ते पहिलं पाणी.

तेवढ्यात नूरजहाँ मॅडम आल्या. मी डोळे मिटून घेतले. आता मैत्री सगळं सांगणार, मला इथून चालत घरी जावं लागणार आणि सोमवारी राजीनामा.

"मॅडम," मैत्री म्हणाली, "उद्या मी मॉकला येणार नाही."

"अगं, कसं येशील? मिस्टर असे—"

"मिस्टरांमुळे नाही. मी येणार नाही."

एवढंच. पुढे काहीही नाही. कार्यशाळेत संपूर्ण वेळ झोपलेल्या बाईने ते वाक्य असं म्हटलं की जागं राहून ऐकणारा मी पांघरुणात आणखी आत सरकलो.

मॅडमनी तिच्या पायांतल्या दोन वेगवेगळ्या चपलांकडे बघितलं. "बरं," त्या म्हणाल्या.

बरं! ज्या शब्दासाठी मी छाती जड करून घेतली, हात दुखवून घेतला, उलटा लोंबकळलो, तो हिला एका वाक्यात मिळाला.

"आणि अजून एक," मैत्री म्हणाली. "ह्यांना सोमवारपर्यंत इथेच राहू द्या. बेड रिकामे आहेतच. शनिवारी बरे पेशंट घरी जातात, उद्या परीक्षेला केस कमी पडतील. ह्यांना केस म्हणून घ्या. पोरांना सांगा, तपासताना अजिबात लाजू नका."

"मैत्री!" मी म्हणालो.

"बोलू नका," ती म्हणाली. "तुम्ही पेशंट आहात." (एरवी ती मला 'तू' म्हणते. मला प्रकरणाचं गांभीर्य कळलं.)

आणि माझ्या देखत सासू-सून निघाल्या. जाताना आई विचारत होती, "कोळंबी सानपाड्यात चांगली मिलंल की वाशीला जाऊया?"

रविवार. सकाळी बिनमिठाचा दलिया आला. ब्लडप्रेशर जरा जास्त, कंबर जरा जास्त, साखर काठावर, असा माझा निकाल लागला होता. दुसऱ्याच्या सवयी सुधारायला निघालेल्या माझ्या स्वतःच्या सवयी त्या निमित्ताने उघड्या पडल्या. जासई नाक्यावरचा माझा रोजचा वडापाव तर आईने आदल्या दिवशी कोणी न विचारताच सांगून ठेवला होता.

मग होतकरू डॉक्टर एकेक करून आले. प्रत्येकाने विचारलं, चक्कर कशी येते. प्रत्येकाला मी काहीतरी वेगळं सांगितलं, कारण आधीच्याला काय सांगितलं ते मला आठवेना. प्रत्येकाने पाठ, छाती, पोट वाजवलं. दुपारपर्यंत माझा ढोलकीबद्दलचा आदर फार वाढला.

सगळ्यात शेवटी शादाब. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. नूरजहाँ मॅडम खुर्ची टाकून समोर बसल्या. तो मला हळू आवाजात प्रश्न विचारत गेला.

"सर, त्रास सुरू झाला तेव्हा नक्की काय करत होतात?"

"फोन उचलला."

"त्याच्या आधी काही होत होतं?"

"नाही."

"फोन चालू असताना?"

"वाढत गेलं."

"आणि ठेवल्यावर?"

मी खरं तेच सांगितलं. "एकदम बरं वाटलं. चहा टाकला."

शादाबने पोट वाजवलं, मान डोलावली, मागे सरकला आणि उभा राहिला.

"सांग," मॅडम म्हणाल्या. "वाजवून काय कळलं?"

"भरीव आहे, मॅडम. मैत्री मॅडमचा डबा वरपर्यंत भरला तर येईल तसं."

"आणि निदान?"

त्याने माझ्याकडे बघितलं. ज्या घरी डबा वाजवायला शिकला त्या घरच्या माणसाविषयी बोलायचं होतं. पण मैत्रीने त्याला शिकवलं होतं की जे सापडेल तेच सांगायचं.

"मॅडम, ह्यांना काहीही झालेलं नाही. दुखणं फोनवर सुरू झालं आणि फोनवरच संपलं. डावा हात दुखायचा म्हणतात, आणि मघाशी मला उजवा दाखवला. माझ्या मते ह्यांना..." तो थांबला. "ह्यांना कोणाला तरी नाही म्हणायचं होतं."

मॅडमनी चष्मा काढला. "फोन कोणाचा होता, गमरे?"

"तुमचा."

त्यांनी चष्मा पुसून परत लावला. मला वाटलं, आता अख्खं यार्ड विकूनही माझी सुटका नाही. मग म्हणाल्या, "इतकी वर्षं मी तिला बोलावते, इतकी वर्षं ती हो म्हणते. मला वाटायचं, तिला आवडतं. आणि खरं सांगू? ती येते म्हणून मीही येते. नाहीतर मलाही रविवारी घरी झोपायचंच असतं." त्या उठल्या. "शादाब, पास. गमरे, तुम्ही दलिया संपवा."

सोमवारी मैत्री मला न्यायला आली. चेहरा टवटवीत, डोळ्यांखालची काळी वर्तुळं पुसल्यासारखी. रविवारी तिने काय केलं ते तिने वाटेत सांगितलं. सकाळी उठली नाही. कोळंबी जेवली. दुपारी परत झोपली. संध्याकाळी आईला घेऊन पामबीच रोडच्या बाजूने फिरून आली. घरात कोणी 'मी बघतो' म्हणणारं नव्हतं, त्यामुळे सगळं कसं वेळेवर झालं, असंही म्हणाली.

"आणि राजीनामा?" मी घाबरत विचारलं.

"कसला? आज दुपारी लेक्चर आहे माझं." मग जरा थांबून, खिडकीबाहेर बघत म्हणाली, "शादाबने बरोबर ओळखलं ना?"

"बरोबर," मी म्हणालो.

तिचा चेहरा उजळला. अगदी तसाच.

आता डिपार्टमेंटने महिन्यातले रविवार वाटून घेतलेत. ज्याची पाळी नाही त्याला त्या रविवारी फोन करायचा नाही. मैत्री डबा संपवून आणते. मी वडापाव सोडलाय आणि संध्याकाळी चालतो. (जिथून वडापाव दिसत नाही अशा रस्त्याने.) शिवाय मी रोज आरशासमोर उभा राहून नाही म्हणायची प्रॅक्टिस करत होतो. कारण न देता.

परवा तिची परीक्षा झाली, म्हणजे माझ्या प्रॅक्टिसची. शनिवारी दुपारी फोन वाजला. या वेळी माझा.

"गमरे," नूरजहाँ मॅडम मऊ आवाजात म्हणाल्या, "उद्या परत मॉक आहे. तुमच्यासारखी केस नाही हो मिळत. प्रत्येकाला वेगळी हिस्टरी सांगता, पोरांचा कस लागतो. याल का?"

मी ताठ उभा राहिलो. छाती पुढे काढली. "नाही मॅडम," मी म्हणालो. "जमणार नाही."

कारण नाही, चक्कर नाही, डावा हात नाही. माझ्या आयुष्यातलं पहिलं 'नाही'. वडिलांनी ठेवलेलं नाव आज कामी आलं असं वाटून डोळ्यांत पाणी आलं.

"बरं," मॅडम म्हणाल्या.

तेवढ्यात मागून एक हात आला आणि माझ्या कानाला लावलेला फोन अलगद निघून गेला.

"मॅडम, मैत्री बोलतेय. उद्या माझा सुट्टीचा रविवार आहे ना? मग येतील ते. किती वाजता पाठवू?"

आई सुकट निवडता निवडता म्हणाली, "उपाशी धाडायचाय का खावन, ते पन इचारून घे."